फ्लॅट कोणाचा विकायचा?

रेवसला लोक राहायला येत नाहीत, पलीकडे जायला येतात. आम्ही जे थोडे इथेच राहतो ते जाणाऱ्यांचं सामान आणि स्वभाव बघत बसतो. भाऊच्या धक्क्यावरून लाँचने तासा-सव्वातासात उतरलेला मुंबईकर एसटी पकडून अलिबागकडे सुटतो. करंजाला जाणारा मात्र तरीची, म्हणजे पलीकडे नेणाऱ्या होडीची, वाट बघत उभा राहतो. समोर करंजा स्वच्छ दिसतं. तिथल्या माणसाने छत्री उघडली की मिटली तेही कळेल असं वाटतं. पण मध्ये धरमतरची खाडी आहे, खाडीत गाळ आहे आणि गाळावर भरती-ओहोटीचं राज्य आहे. पाणी ओसरलं की वेळापत्रक भिंतीवर शोभेपुरतं उरतं.

बॅरिस्टर अंतुले मुख्यमंत्री होते त्या काळापासून, म्हणजे १९८०-८२ पासून, आम्ही रेवस-करंजा पुलाबद्दल ऐकतो आहोत. ‘आता वरात पुलावरून नेऊ’ असं ज्यांनी तेव्हा ठरवलं होतं, त्यांच्या नातवंडांच्या वराती तरीतून गेल्या. आता रस्ते विकास महामंडळाने त्याचं कंत्राट दिलं आहे. त्यामुळे या विषयावर विनोद करायची मुदत संपत आली आहे, म्हणून घाईने एक करून घेतला.

वाट बघण्याचं आमच्याकडे शास्त्र आहे. पूर्वी तंबाखू मळली जायची, पत्ते पडायचे, दोन-चार सोयरिकीही धक्क्यावर जुळायच्या. आता मोबाईल आहे. परवा चार पोरं ओळीने बसली होती, माना खाली, अंगठे चालू. त्यातला एक एकदम ओरडला, “अरे पाठी बघ, पाठी!” मी घाबरून पाठी बघितलं. तिथे एक कुत्रं झोपलं होतं. मग कळलं की शत्रू फोनमधल्या बेटावर होता. तर धक्क्याला लागली तेव्हा खलाशाने हाक मारली. पोरगा म्हणाला, “काका, दोन मिनिटं. शेवटचे तिघंच उरलेत!” खलाशाच्या हिशोबाने सतरा माणसं चढली होती आणि पाणी उतरत होतं. तर गेली. पोरगं जिंकलं की हरलं ते मी विचारलं नाही. एवढं खरं की ते रेवसलाच राहिलं.

हा खेळ कुठून आला ते मी मुद्दाम वाचून काढलं. मास्तरकी सुटली तरी मास्तरांची खोड जात नाही. पूर्वी त्याला पबजी म्हणत. सप्टेंबर २०२० मध्ये सरकारने त्यावर बंदी घातली, आणि जुलै २०२१ मध्ये तो बीजीएमआय हे नवं नाव लावून परत आला. शंभर जणांना एका बेटावर सोडायचं आणि शेवटी उरेल तो जिंकला, ही कल्पना खेळात रुजवणारा माणूस म्हणजे ब्रेंडन ग्रीन. हा आयरिश गृहस्थ फोटो काढायचा, वेबसाइटी बनवायचा. दुसऱ्याच्या एका युद्धाच्या खेळात फेरफार करून त्याने ही आपली तऱ्हा आधी फावल्या वेळात उभी केली. ब्राझीलहून मायदेशी परतला तेव्हा हाताशी फार काही नव्हतं. काही काळ तो आयर्लंडमध्ये सरकारी भत्त्यावर जगला आणि खेळ नीट करत बसला. पुढे कोरियाच्या ब्लूहोल या कंपनीने त्याला बोलावून घेतलं, २०१७ मध्ये खेळ बाजारात आला, आणि त्याचा एक धागा आमच्या धक्क्यापर्यंत येऊन पोचला.

या हकिगतीतल्या बंदुका मला रुचत नाहीत, भत्ता मात्र फार रुचतो. यशाच्या गोष्टी सांगणारे तो भाग भर्रकन उरकतात. ‘त्याने हार मानली नाही’ असं म्हणतात. अहो, हार मानली नाही ते ठीक, पण तोवर जेवला कुठे? धाडसाची कुठलीही गोष्ट वाचली की मी एक प्रश्न विचारतो: हा बुडाला असता तर कोणाचं काय गेलं असतं? या प्रश्नाचं उत्तर लागलं की गोष्ट कळते.

हेलसिंकीच्या सुपरसेलचंच बघा. २०१० मध्ये निघालेली ही कंपनी ‘क्लॅश ऑफ क्लॅन्स’ आणि ‘हे डे’ या दोन खेळांमुळे २०१२ मध्ये एकदम वर आली. ‘हे डे’ म्हणजे शेतीचा खेळ. नांगरा, पेरा, कापा, कोंबड्यांना दाणे टाका. अलिबाग तालुक्यात भातशेती विकून फार्महाऊसं उठली, आणि त्या शेतकऱ्यांच्या नाती आता फोनवर गहू लावतात. असो. या सुपरसेलची एक प्रथा प्रसिद्ध आहे. महिनोन्‌महिने केलेला एखादा खेळ जमत नाही असं दिसलं की तो करणारी तुकडी स्वतःच तो बंद करते, त्यातून काय शिकलो ते सगळ्यांना सांगते, आणि मग शॅम्पेनची बाटली फुटते. ही प्रथा ऐकून आमच्याकडच्या एका निवृत्त अधिकाऱ्याने विचारलं, “आणि चौकशी समिती?” समिती नाही. गंमत शॅम्पेनची नाहीच. गंमत ही की खेळ बंद करून ती माणसं दुसऱ्या दिवशी त्याच खुर्चीवर येऊन बसतात आणि पहिल्या तारखेला पगार जमा होतो. अशी व्यवस्था असेल तर मीसुद्धा धाडसी होईन. मला शॅम्पेन नको, चहा चालेल.

हे सगळं मला माहीत व्हायचं कारण माझा भाचा. तो पुण्यात एका स्टुडिओत आहे आणि खेळांसाठी दगड बनवतो. माझी बहीण नातेवाइकांना ‘सॉफ्टवेअरमध्ये आहे’ एवढंच सांगते. दगड म्हटलं की लोक क्रशरचं विचारतात. प्रकार असा की परदेशातला मोठा स्टुडिओ खेळ रचतो. त्यातली झाडं, पिंपं, बूट, भिंतीवरचं शेवाळ, फुटलेल्या विटा ही कामं जगभर वाटून दिली जातात, आणि त्यातली बरीच आपल्याकडे येतात. भाचा गणपतीत आला होता तेव्हा ओहोटीला धक्क्याखाली उतरून कालवं चिकटलेल्या दगडांचे फोटो घेत होता. कोळणींनी विचारलं, कालवं हवी असतील तर फोडून देऊ, फोटो कशाला? ते दगड पुढे कुठल्या खेळात गेले ते त्याला सांगता येत नाही, कराराने तोंड बांधलेलं असतं. पण कॅनडातला एखादा मुलगा ज्या खडकाआड दबा धरून बसतो तो खडक आमचा असू शकतो. जगाच्या करमणुकीत रेवसचा वाटा एवढा तरी आहे.

मात्र दगड आपला आणि खेळ त्यांचा, ही रुखरुख भाच्याला आहे. पुण्यात आणि मुंबईत यूबीसॉफ्टचे मोठे स्टुडिओ आहेत. २००३ चा गाजलेला ‘प्रिन्स ऑफ पर्शिया: द सँड्स ऑफ टाइम’ नव्याने करण्याचं काम त्यांच्याकडे आलं आणि २०२० मध्ये ते जाहीर झालं. माझ्या भाच्याचा त्या कामाशी काही संबंध नव्हता, तरी त्याने पेढे आणले. पहिली झलक बघून जगभरच्या खेळाडूंनी नाकं मुरडली, आणि २०२२ मध्ये ते काम मॉन्ट्रियलकडे गेलं. पेढे तोवर संपले होते.

त्यानंतरच्या दिवाळीत त्याने जाहीर केलं, “मामा, मला माझा स्वतःचा खेळ करायचाय. रेवसवर.”

“रेवसवर काय आहे?”

“तेच तर. माणूस धक्क्यावर आहे आणि त्याला पलीकडे जायचंय.”

“शत्रू कोण?”

“ओहोटी.”

“मारायचं कोणाला?”

“कोणालाच नाही. वाट बघायची. शेजारी सुक्या मासळीची पाटी घेतलेली बाई आहे, एक नवरदेव आहे, एक बकरी आहे. त्यांच्याशी बोलत बसायचं. बोलता बोलता पाणी चढतं.”

“आणि जिंकायचं कसं?”

“पलीकडे पोचलास तर जिंकलास. गप्पांत तर चुकली तर जास्त जिंकलास.”

मला कल्पना मनापासून आवडली. एवढं आयुष्य फुकट गेलं असं वाटत होतं, ते एकदम नवनिर्मितीच्या खात्यात जमा झालं. बहीण मात्र स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि तिने माझाच प्रश्न माझ्यापेक्षा थोडक्यात विचारला, “आणि हप्ते?” हप्ते म्हणजे पुण्यातल्या फ्लॅटचे.

त्यावर भाच्याने ‘राजी’ची गोष्ट सांगितली. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या स्टुडिओने ‘राजी: अॅन एन्शंट एपिक’ हा खेळ केला. अविचल सिंग, श्रुती घोष आणि इयन मॉड हे तिघे संस्थापक. खेळाची नायिका राजी ही डोंबाऱ्याचे खेळ करणारी मुलगी. धाकट्या भावाला, गोलूला, असुरांनी पळवलं म्हणून ती त्याला शोधायला निघते, आणि तिची गोष्ट दुर्गा आणि विष्णू आपसात बोलत सांगतात. पहाडी चित्रशैलीचे रंग, राजस्थानी किल्ल्यांची घडण, मधल्या प्रसंगांना सावल्यांच्या बाहुल्या. बंदूक नाही, टोळीयुद्ध नाही, क्रिकेट तर नाहीच. आपल्याकडे हे केवढं मोठं धाडस आहे ते क्रिकेट शब्दावरून लक्षात यावं.

पैसे जमवायला त्यांनी २०१७ मध्ये किकस्टार्टर या संकेतस्थळावर लोकांनाच हाक घातली. खेळ व्हायच्या आधी लोकांनी थोडे थोडे पैसे घालायचे, ठरलेला आकडा गाठला तरच ते मिळणार, नाहीतर ज्याचे त्याला परत. आकडा गाठला गेला नाही. मग काम चालू ठेवायला संस्थापकांपैकी एकाने आपला राहता फ्लॅट विकला. पुढे प्रकाशक मिळाला, आणि ऑगस्ट २०२० मध्ये, टाळेबंदीत सगळे घरात अडकले असताना, ‘राजी’ निन्टेन्डोच्या स्विचवर आला. त्या वर्षीच्या ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये पदार्पणाच्या उत्कृष्ट खेळांत त्याला नामांकन मिळालं. पुण्यात बसून केलेल्या खेळाला.

भाचा हे सांगताना फुलला होता. बहिणीने सगळं शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, “छान. म्हणजे आता फ्लॅट कोणाचा विकायचा?”

हा प्रश्न आपल्याकडे शंभर वर्षांहून जुना आहे. दादासाहेब फाळके १९१२ मध्ये इंग्लंडला जाऊन चित्रपटाचं तंत्र बघून आले. वाटाण्याचा वेल उगवताना रोज थोडा थोडा चित्रित करून त्यांनी ती हलती चित्रं लोकांना दाखवली, म्हणजे भांडवल देणाऱ्याला खात्री पटावी. त्यांनी विम्याची पॉलिसी गहाण टाकली, सरस्वतीबाईंनी दागिने काढून दिले. शिवाय त्या बाईंनी सगळ्या मंडळींचा स्वयंपाक केला आणि रात्री फिल्मला भोकं पाडायचं कामही केलं. ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ ला लागला. फाळक्यांचे पुतळे आहेत, त्यांच्या नावाचा पुरस्कार आहे. भोकं पाडणाऱ्या बाईचं नाव कित्येकांना आठवत नाही. नवं काही करायचं तर पहिली गुंतवणूक बायकोच्या अंगावरून निघते, ही आपली परंपरा. फ्लॅट हा त्यातला आधुनिक दागिना.

पण त्याच महाराष्ट्रात दुसरीही तऱ्हा होऊन गेली. प्रभात फिल्म कंपनी १९२९ मध्ये कोल्हापुरात निघाली ती पाच भागीदारांची. १९३३ मध्ये त्यांनी ‘सैरंध्री’ रंगीत करायचं ठरवलं. त्याच्या प्रती काढायला जर्मनीपर्यंत धाव घेतली. रंग मनासारखे उतरले नाहीत, सगळा खटाटोप अंगावर आला. आता इथे एकटा माणूस असता तर दागिन्यांची पाळी आली असती. प्रभातने काय केलं? पुण्यात नवा स्टुडिओ उभा केला, १९३४ मध्ये ‘अमृतमंथन’ काढला आणि १९३६ मध्ये ‘संत तुकाराम’. त्यात तुकारामाला घेतलं ते विष्णुपंत पागनिसांना, जे रंगभूमीवर स्त्रीभूमिका करत असत. हाही जुगारच होता. सिनेमा व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेला. ‘सैरंध्री’चं नुकसान पाच जणांत वाटलं गेलं आणि कंपनीच्या अंगात जिरलं, म्हणून तुकोबा दिसले असं मी मानतो. चित्रपटाच्या इतिहासकारांना हे पटेल की नाही ठाऊक नाही, आमच्या धक्क्यावर पटतं.

धक्क्यावर का पटतं ते सांगितलं पाहिजे. रेवसमध्ये धाडस या गोष्टीचं कौतुक जपून करावं लागतं. १७ जुलै १९४७ ला, भर पावसाळ्यात, भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली रामदास बोट काशाच्या खडकाजवळ बुडाली. सहाशेहून अधिक माणसं गेली. अमावास्येच्या सणाला घरी निघालेली माणसं होती. कोळ्यांनी होड्या घालून जी हाती लागली ती वाचवली. त्या लोकांनी काही धाडस केलं नव्हतं, त्यांनी फक्त तिकिटं काढली होती. म्हणून इथे कोणी छाती काढून ‘रिस्क घेतली पाहिजे’ म्हणाला की म्हातारी माणसं आधी विचारतात, बोटीत अजून कोण कोण आहे?

भाच्याने ते रिस्कचं वाक्य आमच्या शेजारच्या नाखवांसमोर टाकलं. ते ओट्यावर जाळं शिवत होते. सुई न थांबवता म्हणाले, “दर्या काय आपल्या बापाचा नाय. एक दिस देल, दोन दिस नाय देनार. म्हनून तर वाटे असतात.”

वाटे म्हणजे असं. होडी आली की आधी डिझेल, बर्फ, शिधा यांचा खर्च काढायचा. उरलेल्याचे वाटे पाडायचे. होडीचा वाटा, जाळ्याचा वाटा, तांडेलाचा, खलाशांचा. मासळी भरपूर आली तर सगळ्यांना भरपूर, आणि होडी रिकामी आली तर रिकामपणही सगळ्यांना थोडं थोडं. आता पगारी खलाशी आले आणि ही पद्धत पुष्कळ ठिकाणी मोडली, पण नाखवांचा मुद्दा शाबूत आहे. तांडेलाने नेहमीची जागा सोडून नव्या ठिकाणी जाळं टाकून बघावं असं वाटत असेल, तर त्या दिवशीच्या रिकाम्या जाळ्याचा वाटा उचलणारे लोक होडीत आधीपासून बसलेले हवेत. ते नसतील तर तांडेल कितीही शूर असो, नेहमीच्या जागीच जाळं टाकतो, आणि शहाणा असतो.

हा वाट्याचा हिशोब जगातल्या एका जुन्या कंपनीला बरोबर कळला होता. निन्टेन्डो १८८९ मध्ये क्योतोला निघाली ती पत्ते बनवायला. पुढे मधल्या काळात तिने टॅक्सी चालवून पाहिल्या, झटपट शिजणारा भात विकून पाहिला. दोन्ही टिकले नाहीत. तिच्या कारखान्यात गुनपेई योकोई नावाचा यंत्रं सांभाळणारा इंजिनियर होता. फावल्या वेळात त्याने लांबवर जाऊन वस्तू पकडणारा एक लाकडी चिमटा केला होता. मालकाने तो बघितला. आपल्याकडे पुढचा प्रसंग सांगायला नको, खुलाशाचं पत्रच हातात पडलं असतं. त्या मालकाने चिमटा १९६६ मध्ये बाजारात आणला आणि तो धडाधड विकला गेला. योकोईची पुढची खुबी अशी की तो नव्या चकचकीत तंत्राच्या मागे धावण्यापेक्षा जुनं, स्वस्त, सगळ्यांना पाठ झालेलं तंत्र घेऊन त्याचा नवाच उपयोग करायचा. आगगाडीत एक कंटाळलेला नोकरदार कॅल्क्युलेटरशी चाळा करताना त्याला दिसला, आणि त्यातून १९८० मध्ये खिशात मावणारे खेळ निघाले. १९८९ च्या त्याच्या गेम बॉयचा पडदा साधा, रंग नसलेला. प्रतिस्पर्ध्यांचे पडदे रंगीत होते, पण ते सेल खात सुटले होते. गेम बॉय चार पेन्सिल सेलवर निवांत चालायचा. मुलांनी रंग सोडले आणि सेल वाचवले. ज्याने टॉर्चचे सेल उन्हात वाळवून पुन्हा घातले आहेत त्या पिढीला यातलं शहाणपण समजावून सांगावं लागत नाही.

स्वस्त वस्तूंनी खेळलं की बुडण्याचीही किंमत स्वस्त पडते. तरी योकोईही एकदा आपटला. १९९५ चा त्याचा व्हर्च्युअल बॉय, डोळ्यांना लावून लालभडक चित्रं बघायचं यंत्र, लोकांनी डोकेदुखी म्हणून नाकारला. मोठ्या कंपन्यांनाही बुडावं लागतंच. प्रश्न पुन्हा तोच, वाटा कोण उचलतो. २०१२ मध्ये आलेलं त्यांचं वी यू हे यंत्र चाललं नाही तेव्हा अध्यक्ष सातोरू इवाता यांनी २०१४ मध्ये काही महिने आपला पगार निम्मा केला. माणसं काढायची नाहीत, कारण नोकरीच्या धास्तीत असलेला माणूस चांगला खेळ करू शकत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. तीच माणसं राहिली आणि २०१७ मध्ये स्विच आला. तोच स्विच, ज्यावर पुण्याचा ‘राजी’ लागला.

आणि ज्यांना वाटतं की धोका टाळला की धंदा सुखरूप, त्यांच्यासाठी दोन गोष्टी. १९८२ मध्ये अटारीने ‘ई.टी.’ या तुफान चाललेल्या सिनेमावरून खेळ काढला. याहून निर्धोक बेत कुठला? नाताळ गाठायचा म्हणून एका माणसाकडून पाच-सहा आठवड्यांत तो करून घेतला. खेळ इतका फसला की न खपलेली पुडकी न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात पुरून टाकावी लागली, आणि २०१४ मध्ये लोकांनी ती उत्सुकतेपोटी उकरून काढली. दुसरी गोष्ट अलीकडची. सोनीने ऑगस्ट २०२४ मध्ये ‘कॉनकॉर्ड’ हा खेळ आणला. वर्षानुवर्षांची मेहनत, अफाट पैसा, आणि कल्पना अशी की जी आधीच चार जणांनी यशस्वी करून दाखवली होती. दोनेक आठवड्यांत तो बाजारातून मागे घेतला, पैसे परत केले, आणि त्याच वर्षी तो करणारा स्टुडिओ बंद झाला. पैशाचं धाडस आणि कल्पनेचं धाडस या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलं फार असलं की बहुधा दुसरं भीतीने आटतं.

उलट हिदेताका मियाझाकीचं बघा. फ्रॉमसॉफ्टवेअरमध्ये ‘डीमन्स सोल्स’ नावाचा एक खेळ रखडला होता, सगळ्यांनी आशा सोडली होती. मियाझाकीने तो मागून घेतला. त्याचा हिशोब असा की बुडालेलंच आहे, तर आता मी काय वाटेल ते केलं तरी कोण बोलणार? त्याने खेळ मुद्दाम अवघड केला, पदोपदी मरायला लावणारा. २००९ मध्ये तो आला आणि हळूहळू त्याच्या धाटणीच्या खेळांचा एक नवा वंशच सुरू झाला. पाण्यात गेलेल्या गोष्टीचा इतका चांगला उपयोग मी दुसरीकडे पाहिलेला नाही.

या सगळ्यात मला घराजवळचा माणूस आठवतो. मांडव्याजवळ सासवणे आहे. तिथे शिल्पकार नानासाहेब करमरकरांचं घर आहे, आता त्याचं संग्रहालय आहे. अंगणात सिमेंटची म्हैस बसलेली आहे, आणि नवखा माणूस तिला वळसा घालून जातो. करमरकर सासवण्याचेच, जन्म १८९१. लहानपणी देवळाच्या भिंतीवर त्यांनी शिवाजी महाराजांचं चित्र काढलं होतं. ते जिल्ह्याचे कलेक्टर ऑटो रोथफील्ड यांनी पाहिलं आणि या मुलाला जे. जे. स्कूलमध्ये पाठवण्याची व्यवस्था केली. देवळाची भिंत रंगवली म्हणून दोन छड्या मारून विषय संपवता आला असता. पुढे याच मुलाने पुण्याचा शिवरायांचा अश्वारूढ पुतळा घडवला, १९२८ मध्ये त्याचं अनावरण झालं. एवढा थोरला पुतळा तुकड्यातुकड्यांनी ओतून जोडायची सोय होती. करमरकरांनी तो एकसंध ओतायचं ठरवलं. रस कुठे गळला, कुठे अर्ध्यात थिजला, तर सगळी मेहनत भंगारात. ओतकाम साधलं. आज लोक पुतळ्याकडे मान वर करून बघतात आणि करमरकरांचं नाव घेतात, ते योग्यच आहे. मी त्यांच्यासोबत त्या कलेक्टरचंही घेतो. त्याने आपला वाटा फार आधी उचलला होता.

भाच्याने नोकरी सोडलेली नाही. शनिवार-रविवारी तो आपली बकरी चालवायला शिकवतो आहे, खेळातली. बकरी अजून पाण्यावरून चालते. बहिणीने त्याला एक तोडगा दिला आहे: हप्ते भरून उरतील ते खेळात घाल, त्यातले थोडे मी घालते, मामा पण घालेल. मामाला विचारलं नव्हतं. पण ‘होडीत कोण कोण आहे’ हे विचारणाऱ्यांच्या घरात हा निर्णय मोठाच म्हणायचा. नाखवांनी बकरी बघून खेळाला एक सुधारणाही सुचवली आहे, की तरीत बकरीचं तिकीट लागतं.

आता वाचकांना एक विनंती. ‘राजी’साठी २०१७ मध्ये हाक घातली तेव्हा आपल्यातले फार थोडे पुढे झाले, आणि ते ओझं एका फ्लॅटवर जाऊन पडलं. पुण्याच्याच सुपरगेमिंगने ऑक्टोबर २०२४ मध्ये ‘इंडस’ आणला, मुंबईतही काही जण धडपडत आहेत. तुमच्या घरातली मुलं खेळणारच आहेत, ते तुमच्या-माझ्या हातात नाही. निदान त्यातला एखादा इथे बनलेला खेळ त्यांना पैसे देऊन घेऊन द्या, मित्राच्या पेनड्राइव्हवरून फुकट उतरवलेला नको. आणि घरातलं कोणी खेळ बनवतो म्हणालं, तर त्याला पगार विचारा, हप्ते विचारा, जरूर विचारा. फक्त त्यानंतर किती घालू तेही विचारा.